लटारूनं सांगून ठेवलेलं

त्या साली धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले आणि लटारूच्या गळ्यात भात अडू लागला.

सुरुवातीला त्यानं कोणाला सांगितलं नाही. घास अडला की तो लोटा तोंडाला लावायचा, मान वर करून घसा ताणायचा, आणि घास उतरल्यावर डोळ्यांतलं पाणी दुपट्ट्यानं पुसायचा. त्याची बायको भागीरथा चुलीपुढून हे पाहत होती. तिला वाटलं तिखट जास्त पडत असेल, म्हणून तिनं तिखट कमी केलं. मग तो भात कालवून पातळ करू लागला. एका सकाळी ती शेण काढायला गेली तर तो गोठ्यामागं वाकून उभा होता. चावलेला भात तसाच्या तसा मातीत पडला होता आणि कोंबड्या तो टिपत होत्या.

"कवापासून होऊन राह्यलं हे?" तिनं विचारलं.

"होते कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

"रोज," लटारू म्हणाला, आणि कोंबड्यांना हाकलू लागला.

गावातल्या वैदूनं मुळी उगाळून दिली. ती खाली उतरली, पण भात उतरेना. शेवटी लटारूचा मोठा भाऊ नानाजी म्हणाला, चांद्याला दाखवा. नवराबायको रेड्यांच्या बंडीनं नागभीडला आले आणि तिथून छोट्या गाडीनं चांद्याला गेले.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं दोन दिवस तपासलं, फोटो काढला, आणि दोघांना बाकावर बसवून सांगितलं, "गळ्यातून पोटात जी नळी जाते, तिच्यात गाठ आहे. कॅन्सर म्हणतात याला. मुंबईला यंत्रानं शेक देतात. कोणाला उतार पडतो, कोणाला नाही. तुम्हाला उशीर झालाय, खरं ते सांगतो."

लटारू आपल्या पायांकडे पाहत राहिला. भागीरथानं पदर पुढं ओढला आणि विचारलं, "मुंबईले नाई नेलं त?"

"नळी अजून बारीक होत जाईल. आधी भात बंद होईल, मग पेज, मग पाणीसुद्धा. तेव्हा इथे घेऊन या. पोटाला भोक पाडून रबराची नळी बसवता येते. तिच्यातून पेज घालायची. त्यानं गाठ बरी होत नाही. पण माणूस उपाशी राहत नाही."

गाडीला वेळ होता. स्टेशनातल्या कडुनिंबाखाली दोघं बसली. भागीरथानं फडक्यातला भात सोडला, पण त्याच्यासमोर खायला तिला कसंसंच झालं. तिनं फडकं पुन्हा बांधलं.

"खा ना," लटारू म्हणाला.

"भूक नाई."

त्यानं त्या बांधलेल्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सुकलूची माय, एक गोठ आयक. ते भोक मले नोको."

"आता काऊन काढून राह्यले ते?"

"आता बोलता येते म्हणून. आपली ती चांदी म्हैस फुगली होती, आठवते? ढोराच्या डॉक्टरानं तिच्या कुशीत नळी घातली होती. मरेपर्यंत तिच्यावर माशा घोंगावत होत्या. तसं मले नोको. पेज उतरणं बंद झालं का मले पडवीत खाट टाकून दे. मी आपल्या घरी मरतो. दादा म्हणन, चाल दवाखान्यात. सुकलू रडन. तू नोको आयकू."

"असं अभद्र बोलू नोका. लोक पाहून राह्यले."

"हो म्हण."

"गाडी येऊन राह्यली."

"हो म्हण पहिले."

"हो," भागीरथा म्हणाली. पलीकडच्या बायका मान वळवून पाहत होत्या, आणि त्याचं बोलणं थांबावं एवढंच तेव्हा तिला हवं होतं.

रोवणा लागला, पऱ्हे उपटून बांध्यांत लावायचे दिवस आले. लटारू आपल्या हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, जोडीमागं चिखलात उतरला. त्याचा मुलगा सुकलू त्याला घरी राहा म्हणायचा, पण घरी राहिला की त्याला गळाच आठवे. दोन फेऱ्या झाल्या की तो नांगराच्या मुठीवर छातीनं रेलायचा. हेले आपोआप थांबायचे. बांधीत, धानाच्या वाफ्यात, रोवणाऱ्या बाया गाणं थांबवून त्याच्याकडे पाहायच्या, आणि त्यानं मान वर केली की खाली वाकायच्या. त्याच्या पायांचं मांस गळून नडग्या दिसू लागल्या होत्या. चिखल वाळला की त्या आणखी बारीक दिसत.

एका दुपारी बांधीच्या धुऱ्यावर बसून त्यानं सुकलूला सांगायला सुरुवात केली.

"माही पेज बंद झाली का नाई, तवा..."

"बा, तुमाले काई होत नाई," सुकलू म्हणाला आणि पेंढ्या उचलायला निघून गेला. तो एवढ्या घाईनं गेला की चिखलात घसरून पडला. उठला तेव्हा त्यानं तोंड दुसरीकडे केलं होतं.

नानाजीनं तर वाक्य पुरंही होऊ दिलं नाही. "मरणाच्या गोठी करून मरण बोलावतं का?" तो म्हणाला. "मी हावो ना. येळ आली का पाहू."

मग लटारूनं कोलूला सांगितलं. कोलू गोंड होता. जंगलाकडच्या टोल्यावर, वेगळ्या पाड्यावर, त्याचं घर होतं आणि दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या कामाला जात. कोलूनं सगळं ऐकून घेतलं. चिलीम विझली तरी तो ओढत राहिला.

"मले काऊन सांगतं, भाऊ?" तो शेवटी म्हणाला. "तुया घरात माहं कोण आयकन? बाई बंडी जुंप म्हणन त मी जुंपीन. नोको म्हणन त नाई जुंपणार."

"तिले सांगतलं आहे मी."

"मंग झालं," कोलू म्हणाला. पण झालं असं त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं.

पोळ्याला नानाजीच्या अंगणात पंगत बसली. लटारूनं येत नाही म्हटलं, तर नानाजी स्वतः येऊन हात धरून घेऊन गेला. पानावर वडे, पुरण, भात, आळूची भाजी. लटारूनं पुरणाचा बोराएवढा गोळा तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवत बसला. वाढणारा आला नि म्हणाला, "खाऊन नाई राह्यले, लटारूभाऊ?" त्याला नाही म्हणण्यासाठी लटारूनं गिळलं. घास अर्ध्यावर गेला आणि उलटला. त्यानं दुपट्टा तोंडाशी नेला, पण उशीर झाला. पुरण, लाळ, पाणी, सगळं शेजारच्याच्या पानाच्या कडेवर पडलं.

शेजारी बसलेल्या माणसानं लटारूकडे पाहिलं नाही. त्यानं फक्त आपलं पान सरकवलं, मग स्वतः सरकला. त्याच्या पलीकडचाही सरकला. लटारूच्या एका बाजूला दोन माणसांची जागा रिकामी झाली. तो पंगत उठेपर्यंत तसाच मांडी घालून बसून राहिला, कारण मधूनच उठणं वाईट दिसलं असतं.

त्यानंतर तो कोणाच्या घरी गेला नाही. तांदळाच्या कनकीची पेज गाळून भागीरथा त्याला वाटीनं पाजू लागली. आवाज आधी घोगरा झाला, मग नुसती हवा उरली. काही सांगायचं असलं की तो हातानं खुणावायचा. निम्म्या खुणा तिला कळायच्या, निम्म्या ती कळल्यासारखं करायची.

भादवा संपता संपता पाऊस गेला. धान गर्भात होता, लोंबी अजून फुटायची होती, आणि बांध्यांना भेगा पडू लागल्या. तलावात पाणी होतं, पण तलाव ज्याच्या हुकमात होता त्या मालगुजाराची मालगुजारी गेल्यापासून ते कोणी सोडायचं याचा दरवर्षी तंटा व्हायचा. या साली पंचांनी पाळ्या लावल्या. सुकलूची पाळी आली की दोन दिवस त्यानं पाण्याच्या पाटावर उभं राहायचं, नाहीतर वरच्या अंगाचे लोक बांध फोडून पाणी वळवून नेत. सुकलूनंतर पाळी नानाजीची होती.

सुकलूची पाळी लागायची त्या सकाळी लटारूची पेज उतरणं थांबलं.

भागीरथानं वाटी लावली. पेज नाकातून परत आली. तिनं कापसाच्या बोळ्यानं पाणी पिळलं. तेही परत आलं. लटारूनं डोळे मिटून दम घेतला आणि पडवीतून समोर हात केला. समोर अंगणात बंडी उभी होती. बंडीच्या पलीकडे वाट होती, आणि वाटेच्या पलीकडे घरच्या बांध्या.

"दवाखान्यात जायचं म्हणता?" भागीरथानं विचारलं.

लटारूनं मान हलवली.

"का नाई जायचं म्हणता?"

त्यानं तशीच मान हलवली.

"पाण्याचं म्हणून राह्यले ते," दारात फावडं घेऊन उभा असलेला सुकलू म्हणाला. "बांधीत जा म्हणतेत मले. हो ना, बा?"

लटारूनं पुन्हा मान हलवली आणि हात खाली टाकला.

नानाजी आला. त्यानं भावाकडे पाहिलं आणि तो सुकलूला म्हणाला, "बंडी जुंप. पाहून काय राह्यला?"

भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, भागीरथा कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदर ओढून ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सुकलू, मोठ्या बाबाले सांग, याहीनं नाई म्हणून सांगून ठेवलं आहे. पोटाले भोक नोको म्हणे."

"कवा सांगतलं?" नानाजीनं भिंतीकडेच पाहून विचारलं. "तवा तो पेज पेत होता. उपाशी माणसाले इचारा आता. उद्या लोक म्हणतीन, धान वाचवला आन माणूस टाकला."

सुकलूचं तोंड उतरलं. त्यानं फावडं भिंतीला लावलं, पुन्हा उचललं. "माय, तू सांग," तो म्हणाला. "तू म्हणशीन तसं."

भागीरथाला वाटलं, आपण त्यांचा शब्द पाळतो म्हणून नाही म्हणतो, की सुकलू पाटावर राहावा म्हणून? ती दोन्ही वेगळं करून पाहू लागली, पण होईना. मग तिला वाटलं, भासरेही भावासाठी ने म्हणतात, की सुकलू गेला तर पाळी त्यांना लवकर लागेल म्हणून? असं मनात आल्याची तिला लाज वाटली.

"नाई न्यायचं," ती म्हणाली. "सुकलू, तू बांधीत जा."

नानाजी निघून गेला. वाटेवर भेटलेल्या माणसाला तो काहीतरी सांगत असलेला तिला दिसला.

उन्हं तापली. लटारू खाटेवर पडून होता. ओठांवर पापुद्रे आले होते. भागीरथा ओलं फडकं फिरवायची आणि तो ते फडकं दातांत धरून चोखायचा. ती माठाकडे गेली तेवढ्यात त्यानं हात लांबवून खाटेखालचा लोटा उचलला आणि सगळा तोंडात ओतला. पाणी नाकातून, तोंडातून बाहेर आलं, तो गुदमरला, निळा पडला. श्वास आल्यावर त्यानं रिकामा लोटा आपल्या छातीवर मारला. परत मारला. भागीरथानं लोटा हातातून ओढून घेतला तर तो मुठीनं मारू लागला.

तिनं नवऱ्याला कधी असं पाहिलं नव्हतं. वासरू मेलं तेव्हाही नाही, पुरात धान गेलं तेव्हाही नाही.

ती तशीच टोल्यावर गेली. कोलू बांबूच्या कमट्या काढत होता. "बंडी जुंप," ती म्हणाली. कोलूनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते तिला दिसलं, पण त्यानं विचारलं नाही. कोयता खाली ठेवून तो तिच्या मागून आला.

बंडी बांध्यांजवळून गेली तेव्हा सुकलू पाटावर उभा होता. तो धावत आला.

"मी येतो, माय."

"तू ऱ्हाय. पाणी सोडून येऊ नोको."

"लोक काय म्हणतीन?"

"सकाळपासून मी नाई न हो, दोन्ही म्हणून बसली," भागीरथा म्हणाली. "लोकाहीले काय म्हणायचं ते म्हणू दे."

सुकलू बंडीच्या मागं थोडं चालला. मग वरच्या अंगानं कोणी ओरडलं आणि तो पाटाकडे पळाला. बंडीतल्या तणसावर पडलेला लटारू मुलाच्या पाठीकडे पाहत होता.

नागभीडहून छोट्या गाडीनं ते चांद्याला पोचले, तिथं तोच डॉक्टर होता. त्यानं ओळखलं. लटारूचं पोट दाबून पाहिलं, कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"नळी बसवू ना?" त्यानं भागीरथाला विचारलं.

"साहेब, याहीनं तवा नाई म्हटलं होतं. हो म्हणवून घेतलं माह्याकडून. आता काय म्हणतेत मले समजून नाई राह्यलं. तुमीच इचारा."

डॉक्टर खाटेच्या काठावर बसला. त्यानं लटारूचा हात आपल्या हातात घेतला. "लटारू, मी काय सांगतो ऐका. पोटाला नळी घातली तर काही आठवडे पेज घेता येईल. गाठ राहीलच. नाही घातली तरी तुम्हाला इथून हाकलणार नाही. शिरेतून थोडं पाणी देऊ, तहान कमी होईल. नळी हवी असेल तर माझा हात दाबा. नको असेल तर सोडून द्या."

लटारूनं डॉक्टरचा हात धरला. दाबला असं म्हणता येणार नाही, पण सोडलाही नाही. धरूनच राहिला. डॉक्टर वाट पाहत होता. पलीकडचा रोगी कण्हत होता. नर्सबाई औषधाची थाळी घेऊन उभी राहिली आणि निघून गेली. डॉक्टरनं हात हळूच सोडवून पाहिला, तर लटारूची बोटं आणखी घट्ट झाली.

डॉक्टरनं भागीरथाकडे पाहिलं. भागीरथानं कोलूकडे पाहिलं. कोलू दाराबाहेर पाहू लागला.

"घालतो," डॉक्टर म्हणाला. भागीरथानं कागदावर अंगठा दिला.

लटारू परत आला तेव्हा धान निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या. खालची एक बांधी वाळली होती, बाकीच्या वाचल्या होत्या. गावात कोणी म्हणत होतं, धानापायी पोरानं बापाला गोंडाच्या हाती धाडलं. कोणी म्हणत होतं, बाईनं मेलेलं माणूस चिरायला नेलं. दोन्ही बोलणी भागीरथाच्या कानावर विहिरीवर एकाच दिवशी आली.

दिवसातून चार-पाच वेळा ती पेज गाळायची, कोमट करायची. लटारू सदरा वर करायचा. नळीची गाठ सोडून ती काचेचं नसराळं लावायची आणि वाटी वाकडी करायची. पेज हळूहळू खाली जायची. नळीभोवतीची कातडी लाल झाली होती आणि पाझरायची. माशा यायच्या. भागीरथा एका हातानं ओतायची आणि दुसऱ्या हातानं पंखा हलवायची. माशा बसू द्यायच्या नाहीत एवढं तिनं ठरवलं होतं.

त्याची तहान गेली. अंगात थोडी धुगधुगी आली. तो काठी घेऊन अंगणात यायचा, हेल्यांच्या पाठीवर हात फिरवायचा. जेवणाच्या वेळी मात्र तो उठून गोठ्यात जायचा. रांधलेल्या भाताचा वास आला की त्याच्या तोंडाला लाळ सुटे आणि ती गिळता येत नसे.

पेज घालून झाली की भागीरथा विचारायची, "बरं केलं ना मी?"

तो एखाद वेळी मान हलवायचा. एखाद वेळी छपराकडे पाहायचा.

"राग आहे का माह्यावर? तुमी नाई म्हटलं होतं. पण तुमी लोटा मारून घेत होते. मी काय करायला पायजे होतं?"

सकाळी विचारायची, संध्याकाळी विचारायची. एकदा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, माफ केलं. दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं तेव्हा त्यानं भिंतीकडे कूस वळवली. मग तिला वाटलं, कालचा हात तोल सावरायला ठेवला असेल.

कापणी झाली, भारे खळ्यावर आले. लटारूला आता उठवत नव्हतं. सुकलूनं त्याची खाट खळ्याच्या कडेला आणून टाकली. कोलू आणि सुकलू हेले फिरवून धान चुरत होते, भागीरथा तणस झाडत होती. नानाजीही येऊन बसला. पेज थांबली त्या सकाळच्या भांडणानंतर तो या घरी आला नव्हता. तो भावाच्या खाटेच्या पायथ्याशी बसला आणि त्याचे पाय चेपू लागला. पाय म्हणजे दोन काठ्या उरल्या होत्या.

दुपारी भागीरथानं पेज आणली. लटारूनं सदरा वर केला नाही. तिनंच केला, नळी सोडली, नसराळं लावलं. ती वाटी वाकवणार तेवढ्यात लटारूनं नसराळ्याच्या तोंडावर तळवा ठेवला.

ती थांबली. विचारायचं तिच्या ओठांवर आलं. भूक नाही का? आत्ता नको, की आता नकोच? दुखतं का? लटारू तिच्याकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी नव्हती. नुसता थकवा होता, आणि तो थकवा तिनं आजवर पाहिलाच नव्हता, कारण दर वेळी ती त्याच्या डोळ्यांत आपलं उत्तर शोधत होती.

तिनं काही विचारलं नाही. वाटी हातात धरून बसली. पेजेवर साय धरली. खळ्यावर हेले गोल फिरत होते आणि कोलू त्यांना हाकत होता. थोड्या वेळानं तिनं नळीची गाठ बांधली, सदरा खाली केला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं ती पेज त्याच्यासमोर बसून पिऊन टाकली. वाटी रिकामी होईपर्यंत लटारू पाहत राहिला, मग त्यानं डोळे मिटले.

संध्याकाळीही त्यानं तळवा ठेवला. दुसऱ्या दिवशीही. ओल्या फडक्यानं ती ओठ भिजवत राहिली, तेवढं त्यानं चालू दिलं. चुरणं संपलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तो गेला. नानाजीनं विचारलं, "शेवटी पेज त्यानं बंद केली का तुमी?" पदरामागून भागीरथा म्हणाली, "त्याहीनं." पहिल्यांदा ती भासऱ्याशी थेट बोलली, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

धानानंतर पेरलेली लाखोरीची डाळ उपटायच्या दिवसांत मायलेक बांधीत होते. सुकलूनं आपल्या बाजूचं उपटून संपवलं. मग धुऱ्यावर येऊन बसला.

"माय, तुयं काय करायचं ते आताच सांगून ठेव," तो म्हणाला. "बा सांगत होते तवा मी पळून गेलो. आता पळत नाई. सांग."

भागीरथानं कमर सरळ केली. उन्हात डोळे बारीक करून ती विचार करू लागली.

"आता काय सांगू?" ती म्हणाली. "आता चांगली हावो मी. आता सांगीन ते तवाचं राहीनच असं नाई. तवा इचार."

"तवा तुले बोलता नाई आलं त?"

"त तू पाह्य. समजन तसं कर. नाई समजलं तरी कर, बसून नोको ऱ्हाऊ." ती लाखोरीची पेंढी बांधू लागली, मग हात थांबवून म्हणाली, "पण केल्यावर मले इचारत बसू नोको, बरोबर केलं का म्हणून. मी तुया बाले गंज इचारलं. सकाळ-संध्याकाळ इचारलं. आपलं मरण सोडून ते माह्याच इचारण्याले उत्तर देत राह्यले."

 सुकलू उठला आणि तिच्या हातातली पेंढी घेऊन बंडीकडे गेला.